मुलींची शाळा बघायला जाताय? बाकं कोण उचलतं ते बघून या

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो, मुलगी सव्वातीन वर्षांची आहे, जूनमध्ये ज्युनिअर केजीत घालायचीये. मुलींचीच शाळा हवी यावर घरात सगळ्यांचं एकमत, पण कुठली यावर तीन माणसं तीन दिशांना. सासूबाई म्हणतात त्या स्वतः शिकल्या ती पेठेतली मराठी शाळा. मिस्टरांना कॅम्पातलं कॉन्व्हेंट हवंय, इंग्लिश पक्कं होतं म्हणून. आणि मला बावधनच्या पुढे नवीन झालेली मुलींची सीबीएसई शाळा आवडली, कॅम्पस मस्त आहे, पूल आहे, पण फी बससकट दोन लाखांच्या वर जाते. मी बँकेत, मिस्टर हिंजवडीला, सासूबाई आमच्याकडेच असतात पण गुडघ्यांमुळे जास्त हिंडणंफिरणं होत नाही. रोज रात्री जेवताना हाच विषय. काय करावं? (शाळांची नावं छापू नका प्लीज.)

उत्तर : नावं नाही छापत, काळजी नसावी. पण आधी मलाच एक विचारू दे. मुलींचीच शाळा हवी यावर एकमत आहे म्हणतेस, ते कशासाठी ते काही पत्रात आलं नाही. सुरक्षित वाटतं म्हणून? वळण लागतं म्हणून? आजी तिथे शिकली म्हणून? तिघांची कारणं बहुतेक वेगवेगळी निघतील आणि तुमचं भांडण खरं तिथेच अडकलंय.

कारण नुसती मुलींची शाळा म्हणून मार्क जास्त पडतात असं काही नाही बरं का. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २१ देशांमधल्या सुमारे १६ लाख मुलामुलींवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात असं दिसलं की नीट तुलना केली, म्हणजे घरची परिस्थिती, आधीची तयारी वगैरे हिशोबात धरली, तर मुलींची शाळा आणि एकत्र शाळा यात फरक जवळजवळ उरतच नाही. चांगली शाळा चांगली असते आणि टुकार शाळा टुकार, मग आत कोणी का बसेना.

तरी मला स्वतःला मुलींच्या शाळा आवडतात, का ते सांगते. एकत्र शाळेत सर वर्गाच्या दारात येऊन म्हणतात, "दोन मुलं पाठवा बाकं उचलायला." चाळीसातल्या बावीस मुली तशाच बसून राहतात, त्यांना उठावंसं वाटत नाही असं नाही, पण त्यांना कोणी बोलावलेलंच नसतं. गॅदरिंगला माईकची वायर, अँप्लिफायर, शिडीवर चढून पडदा बांधणं हे मुलांकडे आणि रांगोळी, स्वागताचं तबक, निवेदन हे मुलींकडे. प्रयोगशाळेत जोडी केली की ब्युरेट त्याच्या हातात आणि वही हिच्या हातात. हे कोणी दुष्टपणाने करत नाही, सवयीने होतं. मुलींच्या शाळेत बाकं उचलायला मुलीच, शिडीवर मुलगीच, खो-खोचं मैदान आखायला फक्की घेऊन धावणारी पण मुलगीच, कारण दुसरं कोणी नसतंच तिथे. दहा वर्षं असं गेलं की "हे माझं काम नाही" हे वाक्य त्या मुलीच्या डोक्यात तयारच होत नाही. मुलींच्या शाळेचा फायदा म्हणतात तो माझ्या मते एवढाच आहे, आणि तो चांगला घसघशीत आहे.

पण तो फुकट मिळत नाही ना! मुलींची शाळा असून सुद्धा सगळं शिपाईकाकांकडून करून घेणाऱ्या, मैदानाला कुलूप लावणाऱ्या, "मुलींनी हळू बोलावं" अशी पाटी जिन्यात लावणाऱ्या शाळाही आहेत. तिथे कंपाउंड मिळतं, बाकी काही नाही. म्हणून तिन्ही ठिकाणी शक्यतो गॅदरिंगच्या नाहीतर क्रीडासप्ताहाच्या तयारीच्या दिवसांत जा आणि नुसती उभी राहून बघ की कोण काय उचलतंय. प्रॉस्पेक्टसमध्ये हे नसतं.

पुण्यात तर या वादाला मोठा इतिहास आहे. १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शाळा काढली तेव्हा मुलींनी शिकावं का इथूनच सुरुवात होती. पुढे १८८०च्या दशकात रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांनी मुलींचं हायस्कूल काढलं, आपली हुजूरपागा, तेव्हा वाद "शिकवायचं काय" यावर आला होता, मुलींना इंग्रजी आणि तसलं उच्च शिक्षण कशाला म्हणून टिळकांच्या 'मराठा'तून टीका व्हायची. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावर जे चाललंय ते या शहरात दीडशे वर्षं चालू आहे, फक्त आता इंग्रजी नको म्हणणारं कोणी उरलं नाही.

आता तुझ्या तीन शाळा.

पेठेतली शाळा. सासूबाई शिकल्या ती शाळा आणि आजची शाळा एकच आहे असं धरून चालू नका, इमारत तीच असते, बाई बदललेल्या असतात. अनुदानित असेल तर शिक्षकभरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते आणि ती रखडते, त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारायचा की मंजूर पदं किती आणि भरलेली किती. गणिताच्या बाई कायम आहेत की तासिकेवर? वर्गावरच्या बाई वर्षातून किती दिवस निवडणुकीच्या, सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर असतात? मुख्याध्यापिका चांगल्या असतील तर खरं उत्तर देतात, उलट त्यांनाच बरं वाटतं कोणीतरी विचारलं म्हणून. दुसरं, सेमी इंग्लिश कितवीपासून, कुठे पहिलीपासून असतं, कुठे पाचवीपासून, कुठे आठवीला एकदम गणित-विज्ञान इंग्रजीतून, हे आत्ताच माहीत असलेलं बरं. छोटा शिशू, मोठा शिशू बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, तिथे फी लागेल, पण पुढे अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत. दोन लाखांच्या शेजारी हे ठेवून बघ. त्या पैशात चांगल्या क्लासला पोहणं शिकव, नाटकाच्या शिबिराला घाल, पुस्तकं घे, सुट्टीत कोकणात ने.

कॉन्व्हेंट. इंग्लिश पक्कं होतं हे खरं आहे, शिस्तही असते, आणि मराठीची काळजी नको कारण २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांना, बोर्ड कुठलंही असो, पहिली ते दहावी मराठी शिकवावंच लागतं (किती मनापासून शिकवतात तो वेगळा मुद्दा). माझी अडचण अंतराची आहे. कोथरूड ते कॅम्प सकाळी व्हॅनने सगळ्या मुली गोळा करत करत पाऊण ते एक तास, परतीला तेवढाच, आणि पाऊस असेल तर विचारूच नको. साडेतीन-चार वर्षांचं पोर रोज दोन तास व्हॅनमध्ये! मिस्टरांना म्हणावं एक आठवडा सकाळी त्या वेळेला तुम्ही तो रस्ता दुचाकीवरून करून या, मग बोलू. त्यांचा मुद्दा असाही असेल की कॉन्व्हेंटमध्ये घुसायचं दार ज्युनिअर केजीलाच उघडं असतं, मागाहून जागा रिकामी झाली तरच. तो बरोबर आहे, पण दार उघडं आहे म्हणून आत गेलंच पाहिजे असं थोडंच आहे?

आणि तुझी आवडती. पूल विसर आणि आधी कागद बघ. बोर्डावर "सीबीएसई" लिहिलंय की "सीबीएसई पॅटर्न"? पॅटर्न म्हणजे पुस्तकं तशी वापरतो, संलग्नता नाही किंवा अजून यायचीये. संलग्नता क्रमांक माग आणि सीबीएसईच्या सरस पोर्टलवर स्वतः तपास की कितवीपर्यंत आहे. नवीन शाळेत दुसरी भानगड शिक्षकांची, दर वर्षी वर्गशिक्षिका बदलते, पगार कमी देतात मग त्या जातात. गेल्या वर्षीच्या किती बाई यंदा आहेत हे ऑफिसात नको विचारू, गेटवर उभ्या असलेल्या मुलींच्या आयांना विचार, त्या सगळं सांगतात, न विचारलेलं पण सांगतात. फीचं म्हणशील तर २०११च्या फी कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती फी मंजूर करते आणि ठरलेली फी दोन वर्षं तशीच ठेवायची असते. त्या समितीत कोण पालक आहेत विचारलं आणि समोरचा माणूस पाणी प्यायला उठला तर समजून जा.

तिन्हीकडे मधल्या सुट्टीत जा आणि मुलींचं टॉयलेट बघू द्या म्हणून सांग. नाही म्हणाले तर उत्तर मिळालंच. कड्या लागतात का, नळाला पाणी आहे का, मोठ्या मुलींच्या मजल्यावर झाकणाचा डबा आहे का, मागितल्यावर पॅड कोणाकडे मिळतं. टॉयलेट घाण असलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, पाण्याची बाटली भरलेली घरी येते, ही गोष्ट पालकांच्या फार उशिरा लक्षात येते. सुरक्षेबद्दल "आमच्याकडे सगळ्या लेडीजच आहेत" एवढ्यावर गप्प बसू नको. बदलापूरच्या २०२४च्या घटनेनंतर सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची समिती) हे सगळ्या शाळांना पुन्हा बजावलंय, मुलींच्या शाळाही त्यात आल्या. तक्रारपेटी कोण उघडतं आणि किती दिवसांनी ते विचार, कुलूप गंजलेलं असेल तर दिसेलच. बसमध्ये बाई अटेंडंट हवीच, आणि ती शेवटची मुलगी उतरेपर्यंत असते का हेही बघ, बऱ्याचदा तिचा स्टॉप आधी येतो आणि ती उतरून जाते.

मला विचारशील तर पेठेतली शाळा पहिली, पण अट एक, पदं भरलेली असायला हवीत आणि मैदान चालू हवं. व्हॅन कोथरूडहून बऱ्याच सुटतात, अर्ध्या तासाच्या आत पोचते ना बघ. ते नाही जमलं तर तुझी सीबीएसई, कागद स्वच्छ असतील तरच. कॉन्व्हेंट माझ्या यादीत तिसरं, शाळा वाईट म्हणून नव्हे, रस्ता वाईट म्हणून. आणि सासूबाईंना शाळा बघायला बरोबर घेऊन जा, रिक्षाने, त्यांच्या वेळचं काय उरलंय ते त्यांच्याइतकं कोणाला दिसणार नाही, कदाचित त्याच म्हणतील की नको.

प्रश्न : माझी मुलगी आता पाचवीला मुलींच्या शाळेत जाणार, आमच्या ठाण्यातच. माझे भाऊ म्हणतात मुलांची सवय राहणार नाही, पुढे कॉलेजात बुजेल. तसं होतं का?

उत्तर : दादा, घरात चुलत-मामे भाऊ आहेत ना? सोसायटीत संध्याकाळी खाली मुलं खेळतात ना? तिथे तिला खेळू द्या, सातवीत गेली की "आता मोठी झालीस" म्हणून घरात बसवू नका, मग कशाला बुजेल. अकरावीला पहिले दोन महिने मुली मुलींच्या घोळक्यात बसतात, तशा एकत्र शाळेतून आलेल्याही बसतात. बुजतात त्या बहुतेक मुलांशी बोलली म्हणून घरी ओरडा खाल्लेल्या असतात, त्यात शाळेचा काही दोष नाही. तुमचे भाऊ त्यांच्या मुलांना मुलींच्यात खेळायला पाठवतात का, हेही एकदा विचारून घ्या.

प्रश्न : पहिलीच्या प्रवेशासाठी मुलींच्या एका खाजगी शाळेने आम्हा दोघांची मुलाखत घेतली, पगार विचारला, मुलीला इंग्रजीत गोष्ट सांगायला लावली, आणि नंतर फोन करून "इमारत निधी" म्हणून रोख रक्कम मागितली. प्रवेश तर हवाय. द्यावी का?

उत्तर : देऊ नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत, आणि देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१४च्या निकालामुळे तिला हा कायदा लागू नाही, आणि हे शाळावाल्यांना तोंडपाठ असतं. पण कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वरून घेतलेले पैसे, तिच्या बंदीचा १९८७चा राज्याचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे "आम्ही मायनॉरिटी, आम्हाला चालतं" असं रोख रकमेबाबत कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आता व्यवहाराचं. फोनवर वाद घालू नका, "रक्कम आणि कशासाठी ते ईमेलवर पाठवा, चेकने देतो, पावती लागेल" एवढंच शांतपणे म्हणा. बऱ्याच ठिकाणी मागणी तिथेच विरघळते. नाहीच विरघळली तर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे लेखी अर्ज द्या, दोन प्रती, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन ती घरी ठेवा. आणि दरम्यान दुसऱ्या शाळेचा फॉर्म भरून टाका, तिथली शेवटची तारीख जाऊ देऊ नका.