पाटी जरा थांबव

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. दवाखान्यासाठी गोवंडीत गाळा बघून झाला, अनामत दिली, पाटीही रंगवायला टाकली! पाटी जरा थांबव.

पहिला महिनाभर तिथल्या आरोग्यसेविकेच्या मागे गल्ल्यांतून नुसतं हिंड. पाणी किती वाजता येतं, बायका हंडे घेऊन रांगेत कधी असतात, नाक्यावर उभा राहणारा मजूर घर कधी सोडतो, हे वहीत टिपून ठेव. सकाळच्या ओपीडीला यायचं म्हणजे त्याचा खाडा होतो. आला नाही की त्याला बेफिकीर म्हणून मोकळं होणारे डॉक्टर पुष्कळ. काही वर्षं मीही त्यांतलीच.

जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 साली काम सुरू केलं, तेव्हा आधी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवून पाहिल्या. जमलं नाही. मग गावातल्याच बायका घेतल्या, बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित. त्यांचं गावाने ऐकलं. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या प्रयोगात गावातल्याच बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शनंही दिली. 39 गावांतल्या त्या कामाचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्याही खाली.

हे तुला पाठच असेल. आपल्याकडची अडचण वेगळी. इथे शहरातल्या वस्तीत भिंतीला भिंत. जवळची म्हणून जी सेविका हवीशी वाटते, तीच जवळची म्हणून नकोशी होते. टीबीची एक पेशंट होती, लग्न ठरलेलं. दुसऱ्या महिन्यात तिला बरं वाटायला लागलं, गोळ्या चुकायला लागल्या. उपचार तर सहा महिन्यांचे. मी सेविकेला रजिस्टर घेऊन थेट तिच्या दारात पाठवलं. शेजारणींनी पाहिलं. चार दिवसांत घराला कुलूप, मुलगी गावाला. पुढे तिचं काय झालं, मला कळलं नाही. (रजिस्टरवर मोठ्या अक्षरांत 'क्षयरोग' लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.) तेव्हापासून आम्ही टीबीसाठी पलीकडच्या गल्लीतली बाई नेमायचो. ती रेशनच्या दुकानात भेटायची, पुडी द्यायची, निघून जायची. हे मला नाही, सेविकांनाच सुचलं होतं.

आणि सेविकेला पगार दे. आपल्याकडे सरकारी योजनेतली आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका, तिला मिळतं ते मानधन. त्यात मान किती आणि धन किती, तिलाच विचार. कंपाउंडरला महिन्याला ठरलेला पगार देशील आणि हिला घरटी हिशेब लावशील, तर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून ती कशाला जाईल?

गाळा सोडू नकोस. एका कोपऱ्यात वजनकाटा आणि तिच्यासाठी खुर्ची ठेव, संध्याकाळी सहानंतर उघड. पाटीवर वेळ काय लिहायची, ते महिन्याभराने तिलाच विचार.

तुझी,
मॅडम