पोटावरच्या वाराचं कोडिंग: आधी पेरिटोनियम बघ

नागपुरात बसून अमेरिकेतल्या पेशंटच्या फाइली करणारे, म्हणजे प्रत्येक इजेला आयसीडी-१०-सीएम या यादीतला कोड देणारे नवे मेडिकल कोडर बहुतेकदा एकाच जागी अडकतात. 'पेनिट्रेटिंग' (आत घुसलेली) शब्द दिसला की सरळ एस३१.६, म्हणजे पोटाच्या पोकळीत शिरलेल्या जखमेचा कोड! थांब जरा. त्वचा, चरबी, स्नायू कापले गेले तरी पेरिटोनियम (पोटाच्या पोकळीचं पातळ अस्तर) शाबूत असेल तर कोड एस३१.१ गटातलाच. इमर्जन्सीच्या पहिल्या नोटमध्ये हे क्वचितच स्पष्ट असतं, म्हणून ऑपरेशन नोट उघड. तिथंही नुसतं 'जखम खोल' असेल तर अंदाज बांधू नकोस, डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) टाक.

कोडमधलं पाचवं स्थान जखमेच्या प्रकाराचं: १ लॅसरेशन (चिरलेली किंवा फाटलेली जखम), ३ पंक्चर (भोसकल्याची जखम). आत पात्याचा तुकडा राहिला असेल तर अनुक्रमे २ आणि ४. सहावं स्थान जागेचं: उजवीकडे खाली ३, नाभीभोवती ५. उजवं-डावं पेशंटचं धरायचं, समोर उभ्या माणसाचं नाही.

समज, कुणी चाकूनं उजवीकडे खाली वार केला, पेरिटोनियम आणि जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) दोन्ही फाटले. पहिला कोड एस३६.४३८ए, कारण अवयवाची इजा जास्त गंभीर. मग एस३१.६१३ए आणि शेवटी हल्ल्याचा एक्स९९.१एक्सएक्सए. बरेच जण नुसता आतड्याचा कोड टाकून मोकळे होतात, बाहेरची जखम राहूनच जाते.

आणि शेवटचा 'ए' म्हणजे पहिली भेट नव्हे. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर दुसऱ्या दिवशीच्या नव्या सर्जनलाही 'ए'च. पेशंट नंतर टाके काढायला आला की 'डी', म्हणजे पुढची देखभाल.