खाडीकाठचा प्लॉट: आधी तो रस्ता कधीचा ते शोधा

प्रश्न (वर्सोव्याच्या एका ताईंचा, थोडक्यात): यारी रोडच्या आत खाडीच्या बाजूला वडिलांनी 1974 मध्ये घेतलेला 260 चौरस मीटरचा रिकामा प्लॉट आहे. वडील मागच्या वर्षी गेले. आता दोघे भाऊ आणि मी मिळून स्टिल्ट प्लस तीनची (खाली खांबांवर मोकळं पार्किंग, वर तीन मजले) छोटी बिल्डिंग बांधायची म्हणतोय, एकूण 420 चौरस मीटर, त्यातला एक फ्लॅट विकून खर्च काढायचा. प्लॉट आणि खाडीच्या मध्ये एक रस्ता आहे, चार-पाच वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक लावलेत. काका म्हणतात 100 मीटरच्या आत काहीच बांधता येत नाही, एक लायझनिंगवाला (सरकारी परवानग्या काढून देणारा एजंट) म्हणतो तीन लाखात भरतीची लाइन हलवून देतो. कोणाचं खरं?

ताई, दोघांचंही नाही. काकांचा 100 मीटरचा आकडा निदान एके काळी खरा होता म्हणता येईल, कारण 2011 च्या सीआरझेड (कोस्टल रेग्युलेशन झोन, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्राचे नियम) नोटिफिकेशनमध्ये खाडीलगत 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते, असा पट्टा होता. 18 जानेवारी 2019 च्या नोटिफिकेशनने तो 50 मीटरवर आणला आणि मुंबईचे नवे किनारा नकाशे 2021 मध्ये मंजूर झाल्यावर तो आपल्याकडे लागू झाला. पण पट्ट्यात आलं म्हणजे बांधकामच बंद, असं तेव्हाही नव्हतं. शहरातल्या आधीपासून वस्ती असलेल्या भागाला सीआरझेड-2 म्हणतात आणि तिथे बांधता येतं, फक्त एका अटीवर, की तुमचा प्लॉट आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला हवा.

म्हणून तुमची अख्खी केस त्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर उभी आहे, आणि तुम्ही पत्रात त्याला दीड ओळ दिलीय! नोटिफिकेशन स्पष्ट म्हणतं की जुन्या रस्त्याच्या पाण्याकडच्या बाजूला नवा रस्ता केला तर त्या नव्या रस्त्याच्या आधारावर परवानगी मिळणार नाही. ब्लॉक चार-पाच वर्षांपूर्वी लागले याला काही अर्थ नाही, खाली जुना रस्ता होता का हा प्रश्न आहे, आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तो 19 फेब्रुवारी 1991 च्या आधी होता हे दाखवणारा, कारण पहिलं सीआरझेड नोटिफिकेशन त्या दिवशीचं. वॉर्ड ऑफिसच्या मेंटेनन्स खात्यात रस्त्याची नोंद कधीपासून आहे ते लेखी मागा (आरटीआय टाकला तर फार बरं), सिटी सर्व्हेची जुनी शीट काढा, वडिलांच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या असतील त्या वाचा. 1974 च्या खतात खाडीच्या बाजूला 'पूर्वेस रस्ता' किंवा जी दिशा असेल ती लिहिलेली सापडली तर मला फोन करून सांगा, मी पेढे खायला येईन. आणि थेट 'पूर्वेस खाडी' लिहिलेलं सापडलं, म्हणजे मध्ये रस्त्याचा उल्लेखच नाही, तर आर्किटेक्टला तूर्त थांबवा. रस्ता जमला नाही तर शेजारी काही जुनं अधिकृत बांधकाम आहे का ते बघायचं, त्याच्या पाण्याकडच्या कडेवरून भरतीरेषेला समांतर एक काल्पनिक रेषा ओढून तुमचा प्लॉट तिच्या मागे येतो असं मांडता येतं. पण शेजाऱ्याचं घर अधिकृत आहे हे सिद्ध करायचं म्हणजे त्याचे कागद हवेत, आणि शेजारी कागद देईल तो मुंबईत विरळाच.

आता लायझनिंगवाले. भरतीची रेषा, म्हणजे हाय टाइड लाइन, चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र आखतं, ती तीन लाखात काय तीस लाखातही कोणी हलवत नाही. अधिकृत संस्थेकडून 1:4000 चा नकाशा मिळतो, त्यात फक्त तुमचा प्लॉट त्या रेषेपासून किती लांब आहे हे दाखवलेलं असतं, त्याचे पैसे जरूर द्या, पावती घेऊन. याउपर कोणी 'हलवून देतो' म्हणाला तर केरळमधल्या मरडूची आठवण ठेवा. तिथले फ्लॅट लोकांनी रीतसर पैसे देऊन घेतले होते, स्थानिक ग्रामपंचायतीची परवानगीही होती, पण राज्याच्या किनारा प्राधिकरणाची नव्हती, आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये ते टॉवर स्फोट लावून पाडले. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय.

धरून चालू की रस्ता जुना निघाला. मग दुसरा घोळ, तो तुमच्या 420 चौरस मीटरचा. 2019 च्या नोटिफिकेशनमध्ये एक सोय आहे, स्वतः राहण्यासाठीचं घर असेल आणि एकूण बांधकाम 300 चौरस मीटरपर्यंत असेल तर महापालिका स्वतःच मंजूर करू शकते, महाराष्ट्राच्या किनारा प्राधिकरणाची (एमसीझेडएमए) शिफारस लागत नाही. सीआरझेडचे नियम तपासायचेच, पण मंत्रालयापर्यंत फाइल जात नाही. तीन भावंडांची तीन घरं या सोयीत बसवता येतील असं माझं मत आहे. पण तुम्ही एक फ्लॅट विकायचा म्हणताय तिथेच 'स्वतः राहण्यासाठी' मोडतं, आणि 420 मुळे मर्यादाही मोडते. आणि हे 300 म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या आकाराप्रमाणे मोजलं जाणारं बांधकाम) नव्हे, एकूण बांधकाम आहे, त्यामुळे जिना, स्टिल्ट, लॉबी बाहेर ठेवून 300 दाखवणाऱ्या प्लॅनवर सही करू नका.

तर निर्णय तुमचा. विकायचाच असेल तर प्राधिकरणाची शिफारस घेऊन मग महापालिका, वेळ लागेल पण रस्ता सरळ आहे. 20,000 चौरस मीटरखालच्या कामाला केंद्राकडे जावं लागत नाही. नाहीतर प्लॅन 300 मध्ये आणा, स्टिल्ट प्लस दोन करा आणि पैशासाठी हाउसिंग लोन काढा. माझा कल दुसऱ्याकडे आहे, खरं सांगायचं तर. 'आत्ता स्वतःसाठी दाखवू, नंतर गुपचूप विकू' हा धाकट्या भावाचा विचार तुम्ही लिहिलाय तो मात्र डोक्यातून काढून टाका. घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा परवानगीची फाइलच मागेल. (महारेराचं, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नोंदणी प्राधिकरणाचं, विचारलंय: 500 चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला नोंदणी लागत नाही, पण फ्लॅट विकलात की मोफा, म्हणजे फ्लॅटविक्रीचा राज्याचा जुना कायदा, लागतोच.)

प्रॉपर्टी कार्डवर अजून वडिलांचं नाव असणार. वारस नोंद आधी करून घ्या, आणि तिघांमध्ये कोणाचा कुठला मजला हे प्लॅन मंजूर व्हायच्या आधी लिहून रजिस्टर करा. दोघा भावांचं आज छान पटतंय म्हणूनच आज करा.

तुम्ही पाठवलेल्या प्लॅनमध्ये पाण्याकडच्या बाजूला सहा फुटांची बाल्कनी काढलीय, आर्किटेक्टला व्ह्यूचा मोह आवरला नाही, समजू शकते. पण सोबतच्या फोटोत कोपऱ्यात मला चार-पाच तिवर (खारफुटीची झाडं) दिसतायत आणि त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. मुंबई हायकोर्टाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात खारफुटीच्या चारी बाजूंनी 50 मीटर बांधकाममुक्त ठेवायला सांगितलंय, जमीन कोणाचीही असो. रस्ता जुना, प्लॅन 300 च्या आत, सगळं जमलं आणि ही झाडं नकाशात खारफुटी म्हणून नोंदलेली निघाली तर गाडी तिथेच अडेल. म्हणून डीपी रिमार्क (महापालिकेच्या विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटबद्दल काय आहे त्याचा दाखला) मागवताना सीआरझेडचा रिमार्क आणि खारफुटीची नोंद दोन्ही मागा, आणि ते हातात येईपर्यंत आर्किटेक्टला पुढचा हप्ता देऊ नका. प्लॉटवर भरावाचा एकही ट्रक टाकू नका, मालक असलात तरी. आणि तुमचा वॉचमन कंपाउंडलगतची झाडं साफ करतो असं म्हणालात ना, त्याला आजच फोन करा, तिवरांना कोयता लावायचा नाही म्हणावं. तोडलेलं तिवर जुन्या सॅटेलाइट फोटोत दिसतंच, आणि मग मला तुमची बाजू मांडायला काहीच उरत नाही.