आधी दुखतंय का ते विचार

बेटा,

काल पोहे-जिलबी तशीच ठेवून गेलीस. मग आईकडून कळलं, नर्सिंगच्या वर्गात इच्छामरणावर हात वर करायला लावले आणि तू 'बाजूने'लाही केलास, 'विरोधात'लाही केलास, सगळे हसले म्हणे. मला नाही आलं हसू.

कायद्याचं आधी उरकते. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर मशीनवर जगवू नका असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, 2023 मध्ये त्याची कटकट कमी केली, आता नोटरीसमोर होतं. व्हेंटिलेटर काढायचा की नाही ते दोन मेडिकल बोर्ड बघतात. तिथे तुला कोणी विचारत नाही गं. पण तुझ्या वॉर्डातल्या त्या आजोबांनी "पोरी, सुटका कर" तुलाच म्हटलं ना, बोर्डाला नाही. मग तू काय विचारलंस? काही नाही, बाथरूममध्ये जाऊन रडलीस. आधी विचारायचं, आजोबा, दुखतंय का? कुठे? शून्य ते दहात किती?

मीही नव्हतं विचारलं. 1994, इथेच इंदूरला, एक काका, घशाचा कॅन्सर, रात्रभर "मोकळं करा" म्हणायचे आणि मी त्यांना देवाचं नाव घ्या म्हणून लेक्चर द्यायची. चार्टवर फोर्टविन, दुखणं कमी करायचं इंजेक्शन, एसओएस म्हणजे लागेल तेव्हा द्या असं लिहिलेलं होतं, संध्याकाळी एक दिलं होतं, म्हटलं सारखं दिलं तर सवय लागेल. मरायला टेकलेल्या माणसाला सवय! पहाटे दुसरं दिलं, अर्ध्या तासाने ते म्हणाले, चहा मिळेल का. मरण बिरण काही नाही, चहा. वॉर्डात अडतीस पेशंट, आम्ही दोघी नर्स, मी तरी काय करणार होते, तेव्हा मॉर्फिनसारखं जोरदार वेदनाशामक बघायलाही मिळायचं नाही... जाऊ दे, विचारता तर आलं असतं ना.

2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला, मॉर्फिन मिळणं जरा सोपं झालं. गोळी असेल तर दर चार तासांनी, घड्याळ बघून, पेशंट ओरडायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध, हे डॉक्टर विसरतात, तू आठवण करायची. ओरडले तर ओरडू दे.

आणि अरुणा शानबागचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकू नकोस. ती आपल्यातलीच, नर्स. हल्ल्यात मेंदूला इजा होऊन ती अंथरुणाला खिळली, 1973 ते 2015, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, दयामरणाला विरोधही केला. मला फार अभिमान वाटायचा. आता रात्री वाटतं, तिला दुखत असेल का? तिला तर सांगताही येत नव्हतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या, कूस बदलताना मूठ आवळतो का ते बघायचं. हेही विचारणंच आहे.

रविवारी ये. बोटाला गॉझ गुंडाळून कोरडं तोंड कसं पुसायचं ते दाखवते, तुमच्या मॅडम घाईत दाखवतात. आणि आजोबांनी किती आकडा सांगितला ते लिहून आण.

— आत्या