फायब्रोॲडेनोमा "हार्मोन्समुळे" होतो म्हणजे रक्तातले हार्मोन तपासायचे का?

ताई, तुमचं वय 24, छातीत बोटाखाली सरकणारी गाठ, सोनोग्राफीत फायब्रोॲडेनोमा (स्तनातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ) निघाला आणि डॉक्टर "हार्मोन्समुळे आहे" एवढंच म्हणाले. आता सगळे हार्मोन तपासावेत का आणि लग्नाआधी गाठ काढावीच लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे. पोरी हेच विचारायला येतात, तेही दार लोटून घेऊन.

तपासण्यांच्या त्या लांबलचक यादीवर पैसे घालू नका. पाळी नियमित असेल तर रिपोर्ट बहुधा नॉर्मलच येतो, कारण हार्मोन बिघडलेले नसतात. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे दुधाच्या नळ्या वाढतात आणि प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांच्या टोकाचे ग्रंथींचे घोस भरतात. दर महिन्याला पाळीआधी हेच थोड्या प्रमाणात पुन्हा होतं. म्हणून छाती जड होते, ठणकते आणि पाळी आली की उतरते. त्यातला एखादा घोस या हार्मोन्सना इतरांपेक्षा जास्त दाद देतो आणि वाढत जातो, तोच फायब्रोॲडेनोमा. ब्रिटनमधल्या कार्डिफचे सर्जन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलं, की असे बहुतेक बदल म्हणजे रोग नव्हे. स्तनाची वाढ आणि उतारवयातलं आक्रसणं यांत नेहमीपेक्षा पडलेला थोडा फरक आहे. म्हणूनच अशा गाठी ऐन तारुण्यात दिसतात, पाण्याच्या गाठी पस्तिशीनंतर पाळी जाईपर्यंत, आणि पाळी गेल्यावर दोन्ही सहसा निवतात. गरोदरपणात मात्र फायब्रोॲडेनोमा वाढू शकतो, तेव्हा घाबरून जाऊ नका, दाखवून घ्या.

बाळ अंगावर पीत नसताना दूध येत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि थायरॉईड तपासायलाच हवं. थायरॉईड कमी पडलं की प्रोलॅक्टिन वाढू शकतं. उलटीवरच्या डोमपेरिडोननेही वाढतं.

आशाताईंकडे मिळणारी 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी छातीच्या दुखण्यावरही देतात, हे कुणी सांगितलं असेल तर ते खरं आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं हे औषध स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं. पण ती मनाने सुरू करू नका. डोस वेगळा असतो, पाळी लांबते आणि गरोदरपणात ती चालत नाही.

लग्नाशी या गाठीचा काही संबंध नाही. मूल होणं, अंगावर पाजणं, कशातही ती आड येत नाही. ती 3 सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल किंवा निदानात शंका असेल तर काढतात, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. पाहुणे येणार म्हणून घाईने चिरा देऊन घेऊ नका, हे तुमच्या आईलाही सांगा.

मला खरी काळजी वाटते ती "हार्मोनची आहे" ऐकून घरी बसणाऱ्या बायकांची. सुईची तपासणी लागेल का, हे सर्जनला विचारा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला ती होते. गाठ दगडासारखी टणक, एका जागी रुतलेली, कातडी ओढलेली, निपल आत गेलेलं किंवा त्यातून रक्त येत असेल, तर कापूस वेचणी संपेपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात जा. घरातल्या चाळिशीपुढच्या बाईला नवी गाठ लागली तर तिलाही सोबत न्या, दुखत नसली तरी.