नाव नसलेल्या मुखपृष्ठांकडेही बघ

विज्ञानकथांचे जुने कॉमिक्स जमवायचे असतील, तर पहिल्या अंकांच्या मागे लागू नकोस, त्यांचे भाव केव्हाच चढलेत. सुरुवात इंद्रजाल कॉमिक्सपासून कर. 1964 ते 1990 एवढा त्यांचा काळ, मराठीतही निघायचे. वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) जोडीला अंतराळात फिरणारा फ्लॅश गॉर्डनही असे, म्हणजे विज्ञानकथा आलीच. आतली चित्रं बहुतेक परदेशी, पण बी. गोविंद यांच्यासारख्या आपल्याकडच्या चित्रकारांनी कितीतरी मुखपृष्ठं रंगवली. अंक हातात आला की आधी कोपऱ्यात सही शोध, मग किंमत विचार.

परदेशी अंकांत मला जॉर्ज विल्सन फार मोठे वाटतात. गोल्ड की या अमेरिकी प्रकाशनाच्या 'डॉक्टर सोलर', 'टुरोक' या मालिकांची मुखपृष्ठं त्यांनी रंगवली, आणि संग्राहकांत नाव मात्र आतल्या चित्रकारांचंच जास्त. सुरुवातीच्या बऱ्याच अंकांत तेच चित्र मलपृष्ठावर अक्षरांविना छापलेलं असे. म्हणून अंक उलटून बघ; आकाशाचा रंग खाली कसा उतरत जातो ते तिथे नीट दिसतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरत राहा, जुनी घरं रिकामी होताना चौकशी कर. बोटीवर नोकरीला असलेल्यांच्या ट्रंकेत परदेशी अंक सापडू शकतात.

आपल्या गोव्यात खरा शत्रू दमट हवा. पिना गंजतात, तांबूस डाग मधल्या पानात उतरतो. घेण्याआधी तिथेच उघडून बघ. पावसाळ्यात अंक बंद डब्यात सिलिका जेल घालून, भिंतीपासून दूर ठेव. बुरशीचा वास आलेला अंक बाकीच्यांत कधीच मिसळू नकोस. आणि फाटल्यावर चिकटपट्टी अजिबात लावायची नाही.