सिंधुदुर्गातल्या २२ पटाच्या झेडपी शाळेचा दर्जा कसा ओळखायचा?

तुमची बदली झाली, मुलगी तिसरीत, वाडीतल्या शाळेचा पट २२ आणि शिक्षक दोन. निकाल आणि सोयी कुठे बघायच्या, असं विचारलंत.

निकाल बघूच नका. चौथीत पाच मुलं असली की एक तापाने पडलं तरी टक्का ८०वर येतो. दहावीत कोकण विभाग पहिला येतो त्याचा तिसरीशी काडीचा संबंध नाही. 'परख' या केंद्र सरकारच्या शालेय सर्वेक्षणाचे आकडेही जिल्ह्याचे, तुमच्या शाळेचे नव्हेत.

त्यापेक्षा गुरुजींना विचारून एक दुपार वर्गात बसा. पुस्तकातला उतारा देऊ नका, तो पोरांना तोंडपाठ असतो. दुसरीला झेपेल अशी न वाचलेली गोष्ट द्या आणि मग त्यातलंच काही विचारा. नंतर ५२ − २७ उभी मांडून द्या. उत्तर ३५ आलं तर पोराने सातातून दोन काढलेत, हातचा कळलेलाच नाही. एकाचं चुकलं तर चालतं. सगळ्यांचं ३५ आलं तर हातचा घाईत उरकलाय.

घाई का होते? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक. बैठका, पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. तो बाहेर पडला की सगळे वर्ग एका खोलीत आणि तिसरी फळ्यावरचं उतरवत बसते. म्हणून शिक्षक कामासाठी बाहेर गेल्याची नोंद असते ते हालचाल रजिस्टर बघायला मागा, महिन्यात दोघंही पूर्ण दिवस किती वेळा होते ते मोजा. माझ्या मते खरा निकाल तोच.

सोयींचं म्हणाल तर शाळेला खर्चासाठी मिळणारं सरकारी संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १० हजार, एकतिसावं पोर आलं की २५ हजार. त्या दहातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेला. 'स्मार्ट टीव्ही आहे म्हणजे शाळा चांगली' म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी दमलोय; बिल थकलं की तो टीव्ही भिंतीची शोभा. यू-डायसचं, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीतलं, रिपोर्ट कार्ड जरूर बघा, पण ती माहिती शाळेनेच भरलेली असते. शौचालयातला नळ स्वतः सोडून बघा.

हे सगळं पाचवीपर्यंतचं, सहावीपासून शिक्षकांचे निकष वेगळे. आणि शाळा चौथीलाच संपत असेल तर पुढची शाळा किती लांब आहे ते आधी विचारा, पावसाळ्यातला रस्ता धरून.